डोकं दुखतंय हे सांगा : गोमुखाच्या वाटेवर जाण्याआधी



दिवाळी सरली की आपल्या गावांत यात्रा कंपन्यांचे कागद फिरायला लागतात. पूर्वी त्यावर चारधाम, काशी, अमरनाथ एवढंच असायचं. आता त्यात आणखी एक ओळ दिसते : हिमालय ट्रेक, तलाव आणि हिमनदी दर्शन, गाईडसह. गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या बचत गटांच्या बैठकांतून आमच्याकडे एकच प्रश्न आला. आम्ही दिवसभर उसात भांगलण करणाऱ्या, चैत्रात जोतिबाचा डोंगर चढणाऱ्या बायका. आम्हाला हे जमेल का?

उत्तर आधीच सांगतो. जमतं. पन्नाशीच्या बायकांनाही जमतं. चालायची ताकद आपल्याकडे आहे. पण तिकडं जाताना एक सवय घरी ठेवून जावी लागते. ती म्हणजे दुखणं अंगावर काढायची सवय. घरात हीच सवय आपल्याला शहाणी ठरवते. 'बाई किती सोसते' म्हणून कौतुक होतं. हिमालयात मात्र हीच सवय जीव घेऊ शकते. आजचं बोलणं त्यासाठीच आहे.

कुठली वाट?

हिमालयात वाटा शेकड्यांनी आहेत. आपण समजून घेण्यासाठी एकच घेऊ : गंगोत्री ते गोमुख. ही वाट उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. गंगेचं पाणी आपल्या बहुतेकींच्या देव्हाऱ्यात छोट्या गडूत असतं. ते पाणी जिथं बर्फातून बाहेर पडतं, ती जागा म्हणजे गोमुख. तिथं तिला भागीरथी म्हणतात. पुढं देवप्रयागला अलकनंदा तिला मिळते आणि तिथून खाली तिचं नाव गंगा होतं.

गंगोत्रीपर्यंत गाडी जाते. पुढं पायवाट. गंगोत्रीपासून ९ किलोमीटरवर चिरबासा, १४ किलोमीटरवर भोजबासा आणि १८ किलोमीटरवर गोमुख. चिरबासा म्हणजे चीड झाडांची वस्ती. भोजबासा म्हणजे भोजवृक्षांची वस्ती. जुन्या पोथ्या ज्यावर लिहायचे ते भूर्जपत्र याच झाडाची साल. मुक्काम भोजबासाला करायचा, सकाळी गोमुख बघायचं आणि परत फिरायचं. चालायचे दिवस दोन किंवा तीन. अंतर ऐकून वाटेल, यात काय एवढं? नृसिंहवाडीला आपण याहून जास्त चालत जातो. बरोबर आहे. पण इथं अंतराचा प्रश्नच नाही. प्रश्न उंचीचा आहे.

आपल्या पन्हाळ्याची उंची सुमारे ९७५ मीटर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. गंगोत्रीचं देऊळच सुमारे ३,१०० मीटरवर आहे आणि भोजबासा ३,७७५ मीटरवर, म्हणजे सुमारे १२,४०० फूट. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी भोजबासाच उंच भरतं.

हिमनदी म्हणजे काय?

आपली पंचगंगा, आपली वारणा पावसावर जगते. सह्याद्रीत पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात धरणातून सोडतील तेवढीच वाहते. भागीरथीचं तसं नाही. तिच्या उशाला बर्फाचा साठा आहे, आणि तो साठा स्वतःच वाहतो.

उंच डोंगरावर दरवर्षी बर्फ पडतं. सगळं वितळायच्या आत पुढच्या वर्षीचं वर येऊन बसतं. थरावर थर चढत गेले की खालचं भुसभुशीत बर्फ दाबून दाबून दगडासारखं घट्ट होतं. हे ओझं एवढं होतं की ते उताराकडं सरकायला लागतं. गुऱ्हाळावर काकवी थंड होत आली की कशी जड होऊन हळूहळू सरकते, तसं. डोळ्यांना दिसत नाही, पण सरकतं. म्हणून तिला हिमनदी म्हणतात. गंगोत्रीची हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तिचं खालचं तोंड म्हणजे गोमुख.

गोमुखाला पांढरंशुभ्र बर्फ दिसेल असं मनात धरून गेलात तर तुमचा हिरमोड होईल. दिसतो तो राखाडी, मळकट कडा, दगडमातीनं झाकलेला. कारण हिमनदी येताना दोन्ही बाजूचे डोंगर खरवडत येते. दगड, गोटे, माती सगळं अंगावर घेऊन येते आणि तोंडाशी आणून टाकते. त्या कड्याखालून पाणी उसळत बाहेर पडतं. तेही गढूळ असतं. पाट्यावर वाटण झाल्यावर पाटा धुतलेलं पाणी जसं दिसतं, तसं. हिमनदीखाली खडकाचं पीठ होतं आणि ते पाण्यात मिसळतं.

डोंगरातले तलाव याच कामातून तयार होतात. हिमनदी मागं सरकली की तिनं खणलेला खड्डा तिथंच राहतो आणि पुढं तिनं टाकलेल्या दगडमातीचा बांध असतो. त्यात पाणी साठतं. मोठं पीठ खाली बसतं, बारीक तरंगत राहतं, आणि ऊन पडलं की तो तलाव निळा-हिरवा दिसतो. फोटोत बघून आपल्याला वाटतं रंग टाकलाय. तो खरा रंग असतो.

पण हा बांध कच्चा असतो. त्याला ना चुना, ना सिमेंट. केदारनाथच्या वर चोराबारी नावाची हिमनदी आहे आणि तिच्या कडेला असाच एक तलाव होता. जून २०१३ मध्ये मुसळधार पाऊस झाला, तलाव भरला, बांध फुटला आणि ते सगळं पाणी दगडधोंड्यांसकट केदारनाथवर आलं. २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण बघितलाय. आपलं पाणी हळूहळू चढतं, जनावरं सोडायला, भांडी माळ्यावर टाकायला वेळ मिळतो. तिकडचं पाणी मिनिटांत येतं. हा फरक लक्षात ठेवा.

आणखी एक. गंगोत्रीची हिमनदी मागं हटते आहे. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत तिचं तोंड दीड किलोमीटरहून जास्त मागं गेलं आहे. आपल्या आजीच्या काळात कुणी गोमुखाला गेलं असेल तर त्यांना ते आजच्यापेक्षा बरंच अलीकडं दिसलं असेल.

हवा विरळ म्हणजे नक्की काय?

आता मुख्य मुद्दा. वर हवा विरळ असते असं सगळेच म्हणतात. त्याचा अर्थ असा. हवेत प्राणवायूचा वाटा वर-खाली सारखाच, शंभरात एकवीस. पण उंचावर हवेचा दाबच कमी. म्हणजे पातेलं तेवढंच, पण आत दूध कमी. भोजबासाला आपण एक श्वास घेतला तर गावाकडच्या श्वासाच्या मानानं साधारण दोन तृतीयांशच प्राणवायू आत जातो.

शरीर हुशार आहे. ते जुळवून घेतं. श्वास वाढवतं, हृदयाचे ठोके वाढवतं, हळूहळू रक्तातही बदल करतं. पण त्याला वेळ लागतो. वेळ दिला नाही की माणूस आजारी पडतं. २,५०० मीटरच्या वर हे कुणालाही होऊ शकतं. तरणीताठी मुलगी असो, गड चढणारा गडी असो, नाहीतर कुस्ती खेळलेला पैलवान. ताकदीचा आणि या आजाराचा संबंध नाही. उलट ताकदवान माणूस भराभर चढतं आणि आधी पडतं.

सुरुवात अशी होते. डोकं दुखतं. त्यासोबत मळमळ, जेवण नको वाटणं, चक्कर, अंगात त्राण नसणं, झोप न लागणं. आता सांगा, यातलं आपल्याला ओळखीचं काय नाही? उन्हातून आल्यावर डोकं दुखतं, उपवासाला मळमळतं, लग्नघरात झोप होत नाही. आपण काय करतो? डोक्याला फडकं बांधतो, चहा घेतो आणि कामाला लागतो. इथंच घात आहे. खाली हे साधं असतं. वर हेच शरीराचं पहिलं बोलावणं असतं.

वर गेल्यावर डोकं दुखायला लागलं तर नियम साधे आहेत. एक, लगेच सांगायचं. गाईडला आणि सोबतच्या बाईला. दोन, त्या दिवशी आणखी वर चढायचं नाही. आराम, पाणी, हलकं जेवण. तीन, बरं वाटलं तरच पुढं. वाढत गेलं तर खाली उतरायचं, आणि खाली उतरताना एकटीला सोडायचं नाही.

दोन गोष्टी मात्र थांबायच्या नाहीतच. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, छातीत घरघर वाटते, थुंकीला गुलाबी फेस येतो, तर समजा फुप्फुसात पाणी होतंय. आणि बाई असंबद्ध बोलायला लागली, झोकांड्या खायला लागली, नेहमीपेक्षा वेगळी वागायला लागली, तर मेंदूला सूज येतेय. हे तपासायची सोपी युक्ती आहे. तिला सरळ रेषेत, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत, दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असो, थंडी असो, त्याच घटकेला खाली न्यायचं. सोबत प्राणवायूचा सिलिंडर असेल तर लावायचा. पण सिलिंडर लावला म्हणून उतरणं टाळायचं नाही. या आजारावर सगळ्यात मोठं औषध खाली उतरणं हेच आहे.

आमच्यातल्या काही जणी गोमुखाला जाऊन आल्या. त्यांत एक काकी होत्या, साठीच्या जवळच्या. भोजबासाला संध्याकाळी सगळ्या खिचडी खायला बसल्या तेव्हा काकींनी ताट बाजूला सारलं आणि सरळ सांगितलं, "माझं डोकं फुटतंय गं, आणि अन्नाचा वास नको झालाय." त्या रात्री त्यांना आराम दिला. सकाळीही डोकं तसंच होतं. गाईडनं सोबत एक माणूस दिला आणि काकी खाली उतरल्या. चिरबासा मागं पडता पडता डोकं हलकं झालं. गंगोत्रीला पोचल्यावर पोटभर जेवल्या. बाकीच्या गोमुख बघून आल्या तेव्हा काकी घाटावर कपडे वाळत घालत होत्या. कुणी विचारलं, गोमुख राहिलं की हो तुमचं? काकी म्हणाल्या, "गोमुख तिथंच हाय. मी पण हाय."

आपल्या काही खास सवयी

डॉक्टरांच्या पुस्तकात फारसं येत नाही, पण आपल्यात असतं, ते आता बोलू.

पाणी कमी पिणं. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. एसटीच्या प्रवासापासूनची ही सवय. उंचावर श्वासातून आणि कोरड्या हवेतून अंगातलं पाणी झपाट्यानं जातं. पाणी कमी झालं की डोकेदुखी वाढते आणि ती पाण्याची की उंचीची तेच कळत नाही. म्हणून गटानं आधीच ठरवायचं : ठराविक अंतरावर थांबायचं, चार जणींनी साडी किंवा शाल धरून आडोसा करायचा. लाजायचं नाही.

उपवास. मंगळवार, चतुर्थी, एकादशी, जे काही असेल, ते चढाईच्या दिवसांत नको. देवाच्या वाटेवर आहात, देव समजून घेईल. भात, भाकरी, बटाटा, गूळ, शेंगदाणे हे वर चांगलं चालतं. भूक नसली तरी थोडं थोडं खायचं.

पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. यात्रेला जाताना पुष्कळ जणी दुकानातून परस्पर घेतात. या गोळ्यांनी काही जणींना रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. उंची, थंडी आणि कमी पाणी यांनी त्यात भर पडते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पाळी आली म्हणून चालायला काही अडत नाही. कपडा किंवा पॅड जास्तीचे घ्या, वापरलेले पिशवीत भरून खाली आणा. डोंगरात टाकू नका.

अंगात रक्त कमी असणं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं. प्राणवायू वाहून नेतं ते रक्तच. वर हवा कमी आणि अंगात रक्तही कमी, म्हणजे दुहेरी ओढाताण. म्हणून निघायच्या तीन महिने आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू करा. त्यावर लगेच चहा पिऊ नका, लोह अंगी लागत नाही. रक्तदाब आणि साखरही तपासा. दिवस गेलेल्या बाईनं, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्या बाईनं हा बेत डॉक्टरांशी बोलूनच करावा.

डायमॉक्स नावाची एक गोळी असते. उंचीवर जाणाऱ्यांना डॉक्टर ती कधी कधी देतात. ती घेतल्यावर लघवीला जास्त होतं, बोटांना मुंग्या येतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मैत्रिणीला दिली म्हणून मलाही द्या, असं करू नका. झोपेची गोळी तर वर अजिबात नको.

कोरोनाच्या वेळी आशाताई बोटाला लावायच्या ते छोटं यंत्र गटात एक तरी न्या. पण लक्षात ठेवा, वर आकडा सगळ्यांचाच खाली येतो. आकड्यापेक्षा बाई कशी दिसते, कशी बोलते, जेवते का, याकडं बघा.

तयारी आणि वेळापत्रक

तीन महिने आधीपासून चालायला लागा. आपल्याकडं जागा चांगल्या आहेत. आळत्याचा रामलिंग-धुळोबाचा डोंगर, कुंभोजचा बाहुबली डोंगर. आठवड्यातून चार दिवस चालणं आणि एक दिवस पाठीवर पाच-सहा किलोची पिशवी घेऊन डोंगर. शेवटी एकदा जोतिबा आणि पन्हाळा जोडून करा. चालताना शेजारणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. हिमालयातही हेच माप.

बूट नवेकोरे घालून जाऊ नका. महिनाभर इथंच घालून मोडवा. चप्पल वाटेवर उपयोगाची नाही. साडीपेक्षा सलवार किंवा पॅन्ट सोयीची. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंग गारठवतो, म्हणून आत लवकर वाळणारा कपडा, वर लोकर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. कानटोपी, हातमोजे, काळा चष्मा, ओठांना लावायला तूप किंवा मलम. आणि बंद तंबूत शेगडी कधीही पेटवायची नाही, धुरानं माणूस झोपेतच जातं.

जायचं कसं? हातकणंगल्याहून रेल्वेनं मिरज जवळ आहे, आणि मिरजेहून दिल्लीकडं गोवा एक्स्प्रेस रोज जाते. दिल्लीहून हरिद्वार-ऋषिकेश, तिथून उत्तरकाशी, आणि उत्तरकाशीहून गंगोत्री सुमारे १०० किलोमीटर. यात्रेची सरकारी नोंदणी लागते. गोमुखाची वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते. तिथं वन विभागाचा परवाना लागतो आणि दिवसाला १५० जणांनाच सोडतात. म्हणून परवाना आधी हातात, मग बाकीचं.

वेळापत्रक तपासायचं ते इथं. काही जण स्वस्तात बसवायला सकाळी हरिद्वार सोडतात, रात्री गंगोत्री आणि दुसऱ्या दिवशी थेट भोजबासा. म्हणजे ३०० मीटरवरून ३,७७५ मीटरवर दोन दिवसांत. हे टाळायचं. चांगला क्रम असा : एक रात्र उत्तरकाशीला, सुमारे १,१५० मीटर. एक रात्र हर्षिलला, सुमारे २,६०० मीटर. दोन रात्री गंगोत्रीला. त्यातल्या एका दिवशी थोडं वर चालून परत खाली झोपायला यायचं. मग भोजबासा. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. गंगोत्री ते भोजबासा त्याहून थोडं जास्त आहे, म्हणूनच गंगोत्रीच्या दोन रात्री सोडायच्या नाहीत.

ज्यांना तलाव बघायचा आहे त्यांच्यासाठी बद्रीनाथच्या रस्त्यावर गोविंदघाटहून हेमकुंडची वाट आहे. घांघरियाला मुक्काम, तिथून ६ किलोमीटरची खडी चढण, आणि चार हजार मीटरच्या वर हेमकुंड तलाव. तिथं रात्री कुणालाच राहू देत नाहीत, दुपारनंतर खाली यावं लागतं. वर जाऊन खाली झोपायचं, हा नियम तिथं आपोआप पाळला जातो.

गाईड ठरवताना विचारायचे प्रश्न

गटातल्या दोघींनी वही घेऊन बसायचं आणि उत्तरं लिहून घ्यायची. गाईडनं गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलंय का? उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून असं शिक्षण देते. किती बायकांमागं एक गाईड? प्राणवायूचा सिलिंडर सोबत आहे का, आणि तो चालवायला कुणाला येतो? एखादीला खाली उतरवावं लागलं तर तिच्यासोबत कोण जाणार, त्याचे पैसे कोण देणार? हवा बिघडली तर एक दिवस राखीव आहे का? ओझं उचलणाऱ्या माणसांना गरम कपडे आणि मुक्कामाची सोय आहे का? शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. जो आपल्या हमालाची काळजी घेतो, तो आपलीही घेतो.

हे प्रश्न विचारले तर तुम्ही भांडखोर ठरत नाही. जून २०२४ मध्ये याच उत्तरकाशी जिल्ह्यात सहस्रताल नावाच्या उंच तलावांच्या वाटेवर २२ जणांची तुकडी गेली होती. बहुतेक जण आपल्या शेजारच्या कर्नाटकातले. सोबत गाईड होते. परतताना वारा आणि बर्फाचं वादळ आलं आणि ९ जणांचा जीव गेला. त्यांत बायकाही होत्या. म्हणून हवा बघणं आणि वेळेत माघार घेणं, हे ठरवायचा अधिकार गाईडकडं असला पाहिजे, आणि त्यानं फिरा म्हटलं की 'एवढे पैसे भरलेत' असं आपण म्हणायचं नाही.

पावसाळ्यात तर जाऊच नका. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या रस्त्यावरच्या धराली गावावर ओढ्यातून गाळ आणि दगडांचा लोंढा आला आणि काही क्षणांत घरं गाडली गेली. मे-जूनचा पहिला भाग किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, हाच काळ बरा. गोमुखाच्या कड्याखाली उभं राहून फोटो काढू नका. तो कडा बर्फाचा आहे, तुकडे सुटतात. जिथं थांबवतील तिथूनच नमस्कार करा.

माघारी येणं म्हणजे हरणं नव्हे

आपल्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर मे २०२२ मध्ये एव्हरेस्टवर पोचली. पण त्याच्या आदल्या वर्षी खराब हवेमुळं तिला शिखर न गाठता परत यावं लागलं होतं. परत आली, म्हणून पुन्हा जाता आलं. १९८४ साली एव्हरेस्ट चढणाऱ्या पहिल्या भारतीय बाई बचेंद्री पाल या उत्तरकाशी जिल्ह्यातल्याच नाकुरी गावच्या. २०२२ साली त्यांच्याच पुढाकारानं पन्नाशी ओलांडलेल्या बायका अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालयातून काही महिने चालत गेल्या. आणि भोजबासाला भोजवृक्ष विरळ झालेले बघून तिथं रोपं लावून जगवणाऱ्या हर्षवंती बिष्ट, त्यांनी १९८१ साली नंदादेवी शिखर सर केलं होतं. २०२१ साली त्या भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठानच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. गोमुखाच्या वाटेवर चालताना ती झाडं दिसली तर त्यांची आठवण काढा, आणि आपला प्लास्टिकचा कागद पिशवीतच ठेवा.

मैत्रिणींनो, जायचा बेत असेल किंवा नसेल, पुढच्या बैठकीत एक काम करा. हिशोबाची वही मिटली की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीनं गेल्या महिन्यात अंगावर काढलेलं एक दुखणं सांगायचं. गुडघा, कंबर, अंगावरून जाणं, चक्कर, काहीही. कुणी हसायचं नाही, कुणी 'एवढ्यानं काय होतंय' म्हणायचं नाही. ज्यांना जायचं आहे त्यांची नावं त्याच दिवशी लिहा आणि सगळ्यांनी मिळून आरोग्य केंद्रात रक्त तपासायची तारीख ठरवा. जी बाई आपल्या गटात, ओळखीच्या सतरंजीवर बसून 'मला बरं वाटत नाही' म्हणू शकते, तीच साडेबारा हजार फुटांवर, थंडीत, दहा जणींचा बेत मोडेल ही भीती असतानाही, ते म्हणू शकेल.

तुमच्या गटाची तारीख ठरली की आम्हाला कळवा.